बाई, जरा बाजूला व्हा

सोनोग्राफीच्या खोलीत भरदुपारीही अंधार असतो, हे आधीच सांगून ठेवते. म्हणजे पुढचं ऐकताना तुम्ही रात्रीची, वाऱ्याची आणि घुबडाची वाट बघत बसणार नाही. यात घुबड नाही. एका रविवारची दुपार आहे, सुट्टीमुळे बंद असलेला विभाग आहे आणि माझी थोरली बहीण आहे. तिला मी अक्षरशः हाताला धरून तपासणीला नेलं होतं.

ताई माझ्याहून बरीच मोठी. आई गेली तेव्हा मी वेण्या घालणारी शाळकरी पोरगी होते आणि त्या वेण्या घालून देणारी ताईच होती. तिनं मला वाढवलं, मारलं, शिकवलं आणि लग्न करून गेली तीही मला बरोबर घेऊनच. "एकीवर एक फुकट मिळाली," असं भावजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आणि वर माझ्या ताटात स्वतःच्या वाटणीचं वाढत. असं घर होतं ते.

आई लिव्हरच्या दुखण्यानं गेली. उजव्या बरगडीखाली दुखतंय असं म्हणायची आणि पुन्हा कामाला लागायची. कुणीतरी नीट बघेपर्यंत बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यामुळे चहा गाळताना ताईचा डावा हात पुन्हा पुन्हा त्याच जागी जातोय हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी तिच्या हातातली गाळणी काढून घेतली.

"किती दिवस दुखतंय?" मी विचारलं.

"काही दुखत नाहीये. सवय आहे हात ठेवायची."

"ताई, मी रोज हेच बघते. माझ्यापासून लपवतेस?"

"मग बघू नकोस. हात दाखवून अवलक्षण कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची असते."

"मूठ नाही, लिव्हर आहे ते. झाकून ठेवल्यानं त्याची किंमत वाढत नाही."

त्यावर ती हसली, पण हात तिथेच राहिला. पुढे भावजींनी रागावून तिचं रक्त तपासून आणलं. त्यात काही आकडे वर सरकलेले निघाले आणि डॉक्टरांनी सोनोग्राफी सांगितली. ताईनं अट घातली: रांगेत बसणार नाही, चार ओळखीची माणसं "अगंबाई, तू इथे कशी?" करत येतील ते नको. मी त्याच विभागात तंत्रज्ञ, म्हणून मी आमच्या विभागप्रमुखांना फोन केला. ते म्हणाले, "रविवारी घेऊन ये, तू बघून ठेव, सोमवारी मी रीतसर बघतो." ताईचं आयुष्य पुढे किती आहे हे त्या रविवारी कळणार होतं, आणि ते कळण्याची भीती आम्हा दोघींनाही सारखीच होती. ती बोलत नव्हती, मी फार बोलत होते, एवढाच काय तो फरक.

विभागात पोचलो तेव्हा कॉरिडॉरमध्ये फरशी पुसल्याचा वास होता आणि आमच्या चपलांचा आवाज आमच्याच मागून येत होता. नवीन मशीनच्या खोल्यांना कुलपं, किल्ल्या प्रमुखांकडे. माझ्याकडे किल्ली होती ती टोकाच्या खोलीची. तिथे आमची म्हातारी होती.

म्हातारी म्हणजे विभागातलं सगळ्यात जुनं मशीन. आवाज करायची, तापायची, पण चित्र असं द्यायची की नव्या मशीननी तिच्याकडून शिकावं. तिच्यावर आयुष्य काढलं ते बाईंनी. बाई म्हणजे माझ्या गुरू. मलाच काय, विभागातल्या प्रत्येक तंत्रज्ञाला पोटावर फिरवायचा प्रोब कसा धरायचा हे त्यांनीच शिकवलेलं.

शिकवायच्याही कशा! पहिल्या दिवशी मला म्हणाल्या, "हे मशीन बघत नाही, हे लक्षात ठेव. हे ऐकतं. आंधळं आहे बिचारं." मग प्रोब हातात देऊन समजावून सांगितलं. याच्या तोंडाशी बारीक स्फटिक आहेत, वीज दिली की ते थरथरतात आणि आपल्या कानाला ऐकूच येणार नाही इतका बारीक आवाज शरीरात सोडतात. आवाज मांसातून जातो, सेकंदाला दीड किलोमीटर. वाटेत चरबी संपून स्नायू लागला, स्नायू संपून लिव्हर लागलं, की त्या शिवेवर थोडासा आवाज मागे परततो, बाकीचा पुढे जातो. प्रोब गप्प बसून परतलेला आवाज ऐकतो. लवकर परतला तर वस्तू जवळ, उशिरा परतला तर खोल. बस्स, एवढ्यावर सगळं चित्र.

"आणि पुढे गेलेला आवाज?" मी विचारलं होतं.

"थकतो. शरीरात मुरतो. थोडी ऊब होते त्याची."

"सगळा मुरतो?"

"पुस्तकात तरी तसंच लिहिलंय," बाई म्हणाल्या आणि हसल्या.

हवेचं मात्र या आवाजाला वावडं. त्वचा आणि प्रोब यांच्यात केसाएवढी हवा राहिली तरी आवाज तिथूनच माघारी फिरतो, म्हणून ते गार, चिकट जेल लावायचं. खड्यापलीकडेही आवाज जात नाही. पित्ताशयात खडा असला तर तो पांढरा चमकतो आणि त्याच्या मागे काळी सावली पडते, उन्हात माणसामागे पडते तशी. ही सावली आम्ही सगळे बाईंच्या पोटावरच शिकलो, कारण बाईंच्या पित्ताशयात एक खडा होता. एकटाच, हरभऱ्याएवढा, एका बाजूला जरासा चेपलेला. त्रास काही द्यायचा नाही. बाई कुशीवर वळल्या की तो घरंगळत दुसऱ्या टोकाला जायचा. "माझा पाळलेला आहे," असं त्या म्हणायच्या. मी तो इतक्या वेळा बघितला होता की शंभर खड्यांतून ओळखला असता.

बाईंनी लावलेली आणखी एक सवय म्हणजे दिवसाचा पहिला प्रोब स्वतःच्या पोटावर ठेवायचा. स्वतःचं लिव्हर आपल्याला रोज आरशातल्या तोंडासारखं ओळखीचं होतं. ते कालच्यासारखं दिसलं तर मशीन ठीक. मग बाहेरचं माणूस आत घ्यायचं. दुसऱ्या दवाखान्यांत या सवयीला हसतात, पण आमच्याकडे हे न करता कुणी पेशंट घेतला नाही. माझ्या चित्रात पित्ताशय नसतं, कारण माझं ते तरुणपणीच काढलेलं आहे. "तुझं घर जरा रिकामं आहे," असं बाई चिडवायच्या.

बाईंचा एकच दोष, आणि आम्ही त्यालाही माया म्हणायचो. त्यांना वाईट बातमी देववत नसे. तंत्रज्ञानं पेशंटला काही सांगायचं नसतंच, पण माणूस टेबलावर पडल्या पडल्या आमचा चेहरा वाचत असतो. बाईंचा चेहरा कुणालाच वाचता आला नाही. आत काहीही दिसो, त्या प्रत्येकाला म्हणायच्या, "छान आहे हो. सगळं स्वच्छ आहे." मग बाहेर येऊन डॉक्टरांना खरं काय ते सांगायच्या. "वाईट सांगायला ते आहेत. माझ्या टेबलावरून माणूस हसत उठला पाहिजे," यावर त्या कधी वाद घालू द्यायच्या नाहीत.

त्या गेल्याही त्याच टेबलावर. सकाळी मी कामावर आले तर टोकाच्या खोलीत म्हातारी चालू होती आणि बाई आडव्या. पोटावरचं जेल वाळलेलं, प्रोब हातात. हृदय थांबलं म्हणाले. चेहरा अगदी शांत होता. मीच प्रोब सोडवून घेतला आणि जागेवर लावला. त्यानंतर ती खोली फारशी वापरात राहिली नाही. भुताखेताच्या भीतीनं नव्हे, नवी मशीन आली म्हणून.

तर त्या रविवारी मी म्हातारीचं बटण दाबलं. पंखा घुरघुरला, स्क्रीन उजळली. ताई टेबलाच्या कडेला बसून पाय हलवत होती, शाळेतल्या मुलीसारखी.

"किती अंधार! दिवा लाव ना."

"अंधारातच नीट दिसतं. आधी मशीन तपासते, मग तुझं बघू."

मी उभ्यानंच कपडा सरकवला, जेल घेतलं आणि प्रोब माझ्या बरगडीखाली टेकवला. लिव्हर आलं, करडं, एकसारखं, नेहमीचं. जरा खाली कललं आणि मी थांबले.

तिथे पित्ताशय होतं.

आता ऐका, मी काही पहिल्या वर्षाची पोर नव्हे. पित्ताशयाच्या जागी आतड्याचा तुकडा पाण्यानं भरून तसाच दिसू शकतो, आत हवेचा बुडबुडा असला तर तो खड्यासारखा चमकतोही. चांगले चांगले फसतात. मी स्वतःला तेच सांगितलं. पण हवेमागची सावली मळकट असते, आणि ही काळीभोर, स्वच्छ होती. मी श्वास सोडला आणि डावीकडे वाकले. तो पांढरा ठिपका सावकाश घरंगळत दुसऱ्या टोकाला गेला. एका बाजूला जरासा चेपलेला.

"झालं का तुझं?" ताई म्हणाली.

"हो... जरा थांब."

मी मशीन बंद केलं. मनात म्हटलं, मनी वसे ते स्वप्नी दिसे. बाईंची खोली, बाईंचं मशीन, रात्री झोप नाही, वर ताईची काळजी. अजून काय दिसणार? पुन्हा चालू केलं, पुन्हा प्रोब टेकवला. माझं लिव्हर. पित्ताशय नाही. घर रिकामं. मला इतकं हायसं वाटलं की मी ताईला विनाकारण एक टपली मारली.

"पड आता. आणि जेल गार लागलं तर ओरडू नकोस."

ती पडली. तिचं पोट किती खपाटीला गेलं होतं हे मला तेव्हा दिसलं आणि मी पटकन स्क्रीनकडे बघितलं. प्रोब ठेवला. मी आयुष्यात कशालाच घाबरले नाही इतकी त्या क्षणाला घाबरले होते, हे मी कबूल करते. आईचं चित्र मी कधी बघितलं नव्हतं, पण अशा आजाराची बाकीच्यांची खूप बघितली होती. कुठे कसले गोळे दिसतात, कड कशी खडबडीत होते, सगळं ठाऊक होतं.

काहीच नव्हतं. गुळगुळीत कड, एकसारखं करडं लिव्हर, त्यातून जाणाऱ्या शिरांच्या काळ्या वाटा स्वच्छ. छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा वर पांढऱ्या कमानीसारखा तळपत होता. इतकं सुंदर लिव्हर मी कित्येक महिन्यांत बघितलं नव्हतं.

"काय गं?" ताईनं हळूच विचारलं.

"छान आहे," मी म्हणाले. "ताई, सगळं स्वच्छ आहे."

तिनं डोळे मिटले आणि डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांकडे गेलं. मग ती हसायला लागली. हसली की पोट हलतं आणि चित्र बिघडतं, म्हणून मी तिला रागावले, आणि मग मीही हसले. किती दिवसांनी आम्ही दोघी अशा हसलो.

पण चित्र बिघडलं नव्हतं.

ते मला एका क्षणानंतर जाणवलं. ताईचं पोट हसण्यानं गदागदा हलत होतं, माझा हात वरखाली होत होता, आणि स्क्रीनवरचं लिव्हर संथ, एका लयीत सरकत होतं, झोपलेल्या माणसाचं सरकतं तसं.

"हसू नकोस आता," मी म्हणाले. "श्वास घे... मोठा... आणि रोखून धर."

तिनं गाल फुगवून श्वास रोखला. तिची छाती थांबली. मी नीट बघितलं, पुरती थांबली होती.

स्क्रीनवरची पांढरी कमान खाली आली. थांबली. वर गेली. पुन्हा खाली आली.

मशीनला एक आठवण असते. शेवटचे काही क्षण ते साठवतं आणि कळ अडकली तर तेच तेच पुन्हा दाखवत बसतं. मी प्रोब उचलला. चित्र गेलं, हवेत दिसतात तशा नुसत्या पांढऱ्या रेघा उरल्या. पुन्हा ठेवला. पुन्हा तेच लिव्हर, पुन्हा तोच संथ श्वास. म्हणजे जुनं काही नव्हतं. ते आत्ताचं होतं, प्रोबच्या तोंडासमोरचं होतं.

"सोडू का?" ताई कोंडलेल्या आवाजात म्हणाली.

"सोड..."

तिनं सोडला. मी प्रोब जरा खाली कलवला. कलवायची गरज नव्हती, मला माहीत होतं. पित्ताशय, आणि त्यात हरभऱ्याएवढा खडा.

खोलीत काही बदललं नाही. गारवा आला नाही, दिवा फडफडला नाही. पंखा घुरघुरत होता, जेलचा तो किंचित औषधी वास होता, ताईच्या केसांना तिच्या नेहमीच्या तेलाचा वास होता. मला भीतीपेक्षा एक विचित्र माया दाटून आली. बाई नेहमी करायच्या तेच करत होत्या. टेबलावरून माणूस हसत उठला पाहिजे.

आणि मी तसंच उठू दिलं असतं तर? ताई आनंदात घरी गेली असती. भावजींनी मला डोक्यावर घेतलं असतं. काही महिने तरी घरात हसणं राहिलं असतं. आईलाही असे काही महिने मिळाले होते, आणि त्यांचं काय झालं ते मी बघितलं होतं.

मी खाली वाकले. ताईला ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाले,

"बाई... जरा बाजूला व्हा."

कमान खाली येत होती, ती अर्ध्यावर थांबली.

"माझी ताई आहे ती, बाई. मला बघू द्या..."

बराच वेळ काही झालं नाही. मग चित्र काळं होत गेलं, कडेकडून, खोल पाण्यात काहीतरी बुडत जावं तसं. स्क्रीन पूर्ण काळी झाली. आणि त्या काळ्यातून दुसरं लिव्हर वर आलं. थोडं लहान, थोडं खरबरीत, ताईच्या धापेबरोबर भराभर हलणारं.

"श्वास घे," मी म्हणाले. "रोखून धर."

थांबलं. हे लगेच थांबलं. आणि उजव्या बाजूला, कडेपासून आत, तो गोळा मला दिसला. एकच होता. त्याची कड आजूबाजूपासून सुटी होती. मी मोजमाप घेतलं.

"सोड, ताई."

तिनं माझ्याकडे बघितलं. माझा चेहरा बाईंसारखा नाही.

"आत्ता तर स्वच्छ म्हणालीस," ती म्हणाली.

"मघाशी नीट बघितलं नव्हतं. एक गाठ आहे. एकच आहे, लहान आहे. वेळेत सापडली आहे, कळलं का? आईसारखं नाही हे. ताई, माझ्याकडे बघ. आईसारखं नाही."

तिनं माझा हात धरला, जेलनं बरबटलेलाच. ती म्हणाली, "बरं झालं तूच सांगितलंस." आणि मग, ताईच ती, "पुसायला काहीतरी दे, साडीला लागेल."

ती कपडे नीट करायला वळली तेव्हा मी प्रोब जागेवर लावला. मशीन बंद करायला हात नेला आणि सहज स्क्रीनकडे बघितलं. प्रोब हवेत होता. हवेत आवाज शिरत नाही, तिथे रेघांपलीकडे काही दिसूच शकत नाही. स्क्रीनवर ती पांढरी कमान होती. संथपणे वर, संथपणे खाली. बाई बाजूला झाल्या होत्या, एवढंच. मी बटण दाबलं.

ताईचं ऑपरेशन झालं. लिव्हरचा तुकडा काढावा लागला, आणि लिव्हर हा असा अवयव आहे की तुकडा काढला तरी पुन्हा वाढतो. ताई आज ठणठणीत आहे आणि मला पूर्वीसारखीच रागावते. सर्जन म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर हात लावता आला नसता. भावजी सगळ्यांना सांगतात, "फुकट मिळालेली कामाला आली."

म्हातारीबद्दल मी प्रमुखांना एवढंच सांगितलं की तिचं चित्र भरवशाचं राहिलेलं नाही, पेशंट लावू नका. त्यांनी मेकॅनिकला बोलावलं. मेकॅनिक तपासणीचा ठोकळा घेऊन आला. त्या ठोकळ्यात मांसासारखा पदार्थ भरलेला असतो आणि ठरलेल्या खोलीवर तारा बसवलेल्या असतात. प्रत्येक तार जिथल्या तिथे दिसली. "मशीन झकास आहे," असं म्हणून तो गेला. ठोकळा श्वास घेत नाही, हे मी त्याला कसं सांगणार? मग एक दिवस मी रजेवर असताना विभागानं म्हातारी विकून टाकली.

मध्यंतरी तोच मेकॅनिक नव्या मशीनच्या कामाला आला होता. चहा पिताना म्हणाला, "तुमची म्हातारी मजेत आहे बरं का. पलीकडच्या गावात एका डॉक्टरनं घेतलीय. काय नाव झालंय तिचं! तिच्यावर कुणाला काही वाईट निघतच नाही. लोक लांबून लांबून येतात."

मी त्याच्याकडून पत्ता लिहून घेतला. दुसऱ्याच दिवशी मी तिकडे गेले.

दवाखाना लहानच होता. बाहेर बाकांवर माणसं दाटीवाटीनं बसलेली. आतून एक पेशंट बाहेर आली, पदरानं डोळे पुसत, हसत. तिचा नवरा उभा राहिला. "स्वच्छ आहे," ती म्हणाली आणि त्यानं चारचौघांत तिचा हात धरला. मी त्या दोघांकडे बघू शकले नाही.

डॉक्टर तरुण होता, सालस होता. मी कोण ते सांगितल्यावर खुर्ची दिली. मी त्याला सगळं सांगितलं नाही, कोण ऐकणार? एवढंच म्हणाले, "या मशीनवर पेशंटला श्वास रोखायला सांगा आणि त्या वेळी स्क्रीनकडे नीट बघा."

"मॅडम, रोज बघतो की," तो हसला. "इतकं छान चित्र नवी मशीनही देत नाहीत."

"श्वास रोखल्यावर चित्र थांबतं का?"

तो जरा गोंधळला. "थांबत असेलच. गर्दी इतकी असते... तुम्ही दाखवता का? झोपा ना तुम्हीच, मी प्रोब धरतो."

हे ठीक होतं. त्याला डोळ्यांनी दिसलं की प्रश्न मिटला. मी दार लावून घेतलं, दिवा मालवला आणि टेबलावर पडले. म्हातारी ओळखीच्या आवाजात घुरघुरत होती. जेल गार लागलं.

तुम्हाला एक सांगायचं राहिलं. थोड्या दिवसांपासून माझ्या उजव्या बरगडीखाली दुखतंय. ताईला बोलले नाही. आमच्या विभागात नवी मशीन आहेत, पण सकाळचा पहिला प्रोब मी हल्ली दुसऱ्यांनाच त्यांच्या पोटावर ठेवू देते.

"वा!" डॉक्टर म्हणाला. "मॅडम, काय सुंदर लिव्हर आहे तुमचं."

सगळं अंग सैल पडलं. ताई त्या दिवशी का हसत सुटली होती ते मला तेव्हा कळलं. बाहेरच्या बाकांवरची माणसं लांबून का येतात तेही कळलं. स्क्रीन माझ्या उजव्या हाताला होती, मान वळवली की दिसली असती. बाईंना म्हणायचे शब्दही मला पाठ होते.

"हं, श्वास घ्या," तो म्हणाला. "रोखून धरा. आता मी बघतो हं..."

मी श्वास रोखला आणि वर बघत राहिले. स्क्रीनचा निळसर उजेड छतावर पडला होता. कुठेतरी दारावर टकटक झाली आणि डॉक्टरनं मागे वळून "एक मिनिट" म्हटलं. मग पुन्हा पुढे वळला, माझ्या खांद्यावर थोपटलं.

"सगळं स्वच्छ आहे, मॅडम."

मी अजून श्वास सोडला नव्हता. छतावरचा उजेड त्या पांढऱ्या कमानीसारखा सावकाश खाली आला, थांबला आणि पुन्हा वर गेला.